विश्लेषण : पपई नको सांगणारे चार जण, पाणी उकळ सांगणारं कुणीच नाही, गर्भवतीला संसर्गजन्य आजारांबद्दल नेमकं काय शिकवायचं?

गर्भवतीने काय करू नये, हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. पपई खाऊ नको. ग्रहणात बाहेर पडू नको, सुरी-विळी हातात धरू नको. तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसू नको. ही यादी सासरी पाठ असते, माहेरी पाठ असते आणि आता ती रील्समधूनही फिरते.

जून २०२४ मध्ये पुण्याच्या एरंडवणे भागात झिकाचे रुग्ण सापडले आणि पाठोपाठ गर्भवतींचे नमुने पॉझिटिव्ह यायला लागले, तेव्हा या यादीत डासाबद्दल एक ओळही नव्हती. ३ जुलै २०२४ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना सूचना पाठवल्या: गर्भवतींची झिकासाठी तपासणी करा, पॉझिटिव्ह आलेल्या महिलांच्या बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवा, आणि रुग्णालयाचा परिसर एडिस डासांपासून मुक्त ठेवण्यासाठी एक नोडल अधिकारी नेमा. शेवटची सूचना पुन्हा वाचा. तपासणीला जिथे जायचं, तिथेच डास असू शकतो, हे सरकारला लेखी सांगावं लागलं.

झिका महाराष्ट्रात तेव्हा नवा नव्हता. राज्यातला पहिला रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात जुलै २०२१ मध्येच सापडला होता. मधल्या तीन वर्षांत गर्भवतीला या डासाबद्दल नियमित, ठरवून कुणी काही शिकवलं का? तिचं रक्त आपण काढतो, तिला इंजेक्शन देतो, गोळ्यांची पाकिटं देतो. शिकवण्याची वेळ आली की मात्र ‘काळजी घ्या’ म्हणून पुढचा नंबर पुकारतो.

गर्भारपणात धोका वेगळा का असतो?

‘पोटुशी बाईची प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ते अर्धंच बरोबर आहे. शरीराला नऊ महिने एक असा जीव सांभाळायचा असतो ज्याचे निम्मे गुण बापाचे, म्हणजे परके असतात. त्याच्यावर हल्ला होऊ नये म्हणून संरक्षणव्यवस्था आपले नियम बदलते. संगणकाच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल बंद नसते, तिची सेटिंग्ज बदललेली असतात. त्यामुळे काही आजार नेहमीसारखेच जातात आणि काही मोजके आजार फार जड जातात. त्यात वाढत्या गर्भाशयामुळे फुप्फुसांना जागा कमी पडते, म्हणून फ्लूसारखा आजारही गंभीर होऊ शकतो.

बाळाचा हिशोब वेगळा. वार, म्हणजे प्लासेंटा, बरंच काही अडवते, पण सगळं नाही. रुबेला, झिका, सिफिलिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी हे बाळापर्यंत पोहोचू शकतात, काही पोटात असताना तर काही प्रसूतीच्या वेळी. आईला यातल्या बऱ्याच संसर्गांत काहीच जाणवत नाही. म्हणूनच ‘मला काही होत नाहीये’ हा तिचा स्वतःचा अंदाज इथे कामाचा नसतो. तो माहितीनेच भरून काढावा लागतो.

ही माहिती डॉक्टरांकडून बायकांकडे जाते असं आपण धरून चालतो. एकदा ती उलट दिशेनेही गेली आहे. १९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं एकामागून एक येत होती. बाहेर बसलेल्या आया आपसात बोलत होत्या की गरोदरपणात आपल्याला पुरळाचा ताप आला होता, आणि ते बोलणं डॉक्टरांच्या कानावर पडलं, असं सांगितलं जातं. ग्रेग यांनी अशा ७८ बाळांची माहिती मांडली आणि रुबेला गर्भाला इजा करतो हे जगाला कळलं. आपल्या ओपीडीच्या बाकांवरही अशाच बायका बसलेल्या असतात. त्यांचं कुणी ऐकत नाही, ही आणखी वेगळी तक्रार.

पाण्यातून येणारी कावीळ : सर्वात कमी सांगितलेली गोष्ट

मला एकच गोष्ट शिकवायची परवानगी मिळाली, तर मी ही निवडेन.

हिपॅटायटिस ई हा दूषित पाण्यातून पसरणारा काविळीचा विषाणू. सांडपाण्याची गळकी वाहिनी पिण्याच्या वाहिनीत मिसळली की त्याचं काम सुरू. धडधाकट माणसाला तो महिनाभर अंथरुणात झोपवतो आणि बहुतेक वेळा सोडून देतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हाच विषाणू गाठला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २० ते २५ टक्के महिलांचा मृत्यू होऊ शकतो. चारात किंवा पाचात एक. झिकाची जेवढी चर्चा झाली, त्याच्या पावपटही या आकड्याची होत नाही.

आणि हा आजार आपल्या अगदी ओळखीचा आहे. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचं सांडपाणी पाणीपुरवठ्यात शिरून सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. ती साथ पुढे याच प्रकारची मानली गेली. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, तीही पाण्यातूनच. या विषाणूवर चीनमध्ये बनलेली लस आहे, पण आपल्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. म्हणजे हातात उरतं ते पाणी.

पाण्याबद्दलचे गैरसमज मात्र भरपूर. तुरटी फिरवली की पाणी नितळ होतं, गाळ खाली बसतो. विषाणू त्याने मरत नाहीत. पांढऱ्या फडक्याने गाळून घेतल्याने तर अजिबात नाही. पाणी खळखळून उकळायला हवं, भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले की गॅस बंद, असं नाही. एक-दोन मिनिटं उकळी राहू द्यावी, त्याच भांड्यात झाकून गार करावं आणि वरून ओगराळ्याने घ्यावं. हात बुडवला की सगळी मेहनत वाया. गॅस परवडत नसेल, तर आरोग्य केंद्रातून मिळणारं मेडिक्लोर वापरावं, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात आणि लिहिलेला वेळ थांबून. त्याचा वास येतो म्हणून ते फडताळात पडून राहतं, हे प्रत्येक आशाताईला ठाऊक असतं.

डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अन्नावरची वासना गेली, तर गावात कावीळ ‘उतरवणाऱ्याकडे’ जाऊन माळ घालून घ्यायची पद्धत आजही आहे. इतरांना ती माळ घालून बरं वाटतं, कारण ते तसेही बरे होणारच असतात. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बाईच्या बाबतीत हे दोन दिवस फार महाग पडू शकतात. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं असतं, जिथे यकृताच्या तपासण्या होतील अशा.

जाता जाता दुधाबद्दल. धारोष्ण दूध गर्भवतीला शक्ती देतं, असं मानणारी घरं अजून आहेत. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, लिस्टेरिया आणि जनावरांचा क्षयही येऊ शकतो. दूध तापवूनच प्यावं. शक्ती कमी होत नाही.

दिवसाचा डास आणि रात्रीची मच्छरदाणी

डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी जास्त. आपली मच्छरदाणी मात्र रात्री दहाला लागते. तेव्हा दुपारी आडवी पडणाऱ्या गर्भवतीला मच्छरदाणी दुपारी हवी, हे साधं वाक्य भिंतीवरच्या कुठल्याच पोस्टरवर मला दिसलेलं नाही. अंगभर कपडे आणि डास पळवणारं मलम हेही दिवसाच. पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे लावलं, तर नेहमीची मान्यताप्राप्त मलमं गरोदरपणात चालतात.

हा डास गटारात वाढत नाही. फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरचं उघडं पिंप, कुंडीखालची बशी, ही त्याची घरं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी घासून कोरडी करायची. ‘कोरडा दिवस’ त्याचसाठी. आता विचार करा, सात महिन्यांची बाई गच्चीवर चढून पिंप घासणार आहे का? ते काम नवऱ्याचं, दिराचं, सोसायटीच्या सेक्रेटरीचं. शिकवताना मात्र आपण समोर तिलाच बसवतो.

झिकाबाबत आणखी एक गोष्ट सांगायला सगळेच लाजतात. तो लैंगिक संबंधांतूनही पसरतो. झिकाचा फैलाव असलेल्या भागात राहणाऱ्या किंवा तिथून आलेल्या जोडीदाराने गर्भारपण संपेपर्यंत निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत, अशी शिफारस आहे. हे वाक्य बायकोला सांगून उपयोग नाही. नवऱ्यालाच सांगावं लागतं, आणि तो तपासणीच्या वेळी बाहेर मोटारसायकलवर बसलेला असतो.

गडचिरोलीत चित्र वेगळं. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार हा जिल्हा उचलतो. तिथला डास रात्रीचा, आणि तिथे औषधी मच्छरदाणी हेच मुख्य हत्यार. फाल्सिपेरम हिवतापाचे परजीवी वारेत साठतात, आईचं रक्त कमी होतं, बाळ कमी वजनाचं जन्मतं. घरात एकच मच्छरदाणी असेल, तर तिच्यात कोण झोपतं, हा आरोग्याचा प्रश्न आहे तितकाच घरातल्या मानाचाही.

ताप आल्यावरची चूक सगळीकडे सारखीच: औषधाच्या दुकानातून गोळी. गर्भवतीने तापाला पॅरासिटामॉल घ्यावी, तीही डॉक्टरांना विचारून. डेंग्यूची शक्यता असताना आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. आणि डेंग्यूत ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. पोटात खूप दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा अंगावरून रक्त जाणं, गळून जाणं यातलं काही दिसलं की थांबू नये. पोटदुखीला ‘कळा असतील’ म्हणून घरी ठेवणं हा यातला सर्वात मोठा घोळ.

रिपोर्ट आहे, पण त्याचा अर्थ?

माझ्या वहिनीची फाईल मी पाहिली आहे. एका खासगी रुग्णालयातली, जाडजूड, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये नीट लावलेली. एचआयव्ही, व्हीडीआरएल, एचबीएसएजी, तिन्हींपुढे ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’. तिने मला विचारलं, “हे चांगलं की वाईट?” ती एम.कॉम. आहे. कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

या तीन तपासण्यांइतकं मोल गर्भारपणात फार थोड्या गोष्टींना असेल. सिफिलिस वेळेत सापडला, तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बाळ वाचवता येतं. पण नवऱ्यावरही उपचार झाले नाहीत, तर तिला तो पुन्हा होतो. एचआयव्हीत काहीच उपचार नसतील, तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं, आणि औषधं नीट घेतली तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. हिपॅटायटिस बी आईकडून जन्मावेळी बाळाला झाला, तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो आणि तरुणपणी यकृत खराब करू शकतो. तो थांबवणारी लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायची असते. आई पॉझिटिव्ह असेल, तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही.

याच्या उलट, वहिनीच्या फाईलमध्ये ‘टॉर्च’ नावाची महागडी चाचणीही होती. कुठलंही लक्षण किंवा सोनोग्राफीत शंका नसताना सगळ्या गर्भवतींनी ती सरसकट करावी, अशी शिफारस नाही. जुन्या, केव्हाच बऱ्या झालेल्या संसर्गाच्या अँटिबॉडी त्यात पॉझिटिव्ह दिसतात आणि घरात रडारड सुरू होते. ज्या चाचणीचा अर्थ सांगायला पाच मिनिटं नाहीत, ती करायला मात्र पैसे आहेत, हा आपल्या शहरी व्यवस्थेचा हिशोब.

लशींबद्दलही तसंच. धनुर्वाताची लस, आताची टीडी, सगळ्यांना माहीत आहे. तिच्यामुळे आणि दवाखान्यातल्या प्रसूतींमुळे २०१५ मध्ये भारत माता व नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनापर्यंत पोहोचला. नाळ कापायला जुनं ब्लेड नको, नाळेला शेण-राख लावू नका, हे तेव्हा गावोगाव शिकवलं गेलं होतं. म्हणजे शिकवलं की आपण शिकतो. फ्लूची इंजेक्शनची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते, आणि तिच्या अँटिबॉडी बाळाला मिळतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ती लस देताच येत नाही, म्हणून त्याचं कवच आईच. रुबेला आणि कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात चालत नाही. ती घ्यायची असेल, तर दिवस जाण्याच्या किमान महिनाभर आधी. हे लग्न ठरतानाच सांगायला हवं, पण तेव्हा आपण पत्रिका पाहत असतो.

शिकवायचं कसं?

मी इंजिनीअरिंग शिकले. तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसते: यंत्र चालवणाऱ्याला चाळीस सूचनांचं मॅन्युअल दिलं, तर तो एकही वाचत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड हे चांगलं कार्ड आहे, पण ते बहुतेकदा शिक्का मारून घेण्यासाठी उघडलं जातं. गर्भवतीला एका बैठकीत सगळं सांगायचा प्रयत्न करू नये. तिसऱ्या महिन्यात रिपोर्टचा अर्थ. पावसाळा तोंडावर असेल, तर डास आणि पाणी. सातव्या महिन्यात कावीळ आणि प्रसूतीनंतरची लस. एका वेळी एक-दोनच गोष्टी, आणि तिने त्या आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत.

हे स्वप्नरंजन नाही. झारखंड आणि ओडिशात एकजूट या संस्थेने गावातल्या बायकांचे गट महिन्यातून एकदा बसवले. भाषण नाही, गोष्टी, चित्रं, खेळ, आणि ‘आपल्या गावात हे का होतं’ यावर चर्चा. २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात, असे गट असलेल्या भागांत तीन वर्षांत नवजात मृत्यूचं प्रमाण ३२ टक्क्यांनी कमी दिसलं. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना जंतुसंसर्ग ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९ सालीच जगासमोर आले.

आपल्याकडे जागाही आहे आणि वेळही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यात जवळपास ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची तपासणी होते. त्या दिवशी बायका सकाळपासून दोन-तीन तास बाकावर बसलेल्या असतात. ते तास मोकळे आहेत. डॉक्टरांना वेळ नसतो हे खरं, पण हे काम डॉक्टरांचं नाहीच. परिचारिका किंवा आशाताई ते जास्त चांगलं करेल, फक्त तिच्या मोबदल्याच्या यादीत ‘शिकवणं’ हे काम म्हणून मोजलं गेलं पाहिजे. आज मोजली जातात ती नोंदणी, तपासण्या, प्रसूती. जे मोजलं जात नाही, ते होत नाही.

आणि निमंत्रण तिला एकटीला नको. पाणी सासू भरते, पिंप नवरा घासतो, डॉक्टरकडे न्यायचं की नाही हे बहुधा सासरे ठरवतात. ज्या बाईच्या हातात घरातला एकही निर्णय नाही, तिलाच ‘जागरूक राहा’ म्हणणं म्हणजे जबाबदारी तिच्या अंगावर ढकलून मोकळं होणं. दोन तपासण्यांना नवऱ्याने आत येऊन बसावं, असा नियम दवाखान्यांनी केला तर काही बिघडणार नाही.

माहेरी जाताना काय बरोबर न्यायचं?

सातव्यात ओटीभरण, डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. शिकवलेलं आणि तपासलेलं सगळं नेमकं इथे तुटतं. दवाखाना बदलतो, आशाताई बदलते, पाणी बदलतं. सासरी प्युरिफायर आणि माहेरी आडाचं पाणी, किंवा उलट. फाईल कपाटात सासरीच राहिली, तर नव्या दवाखान्याला तिच्या हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टचा पत्ताही नसतो.

डोहाळजेवणाला खोकणाऱ्या पाहुण्यांनी लांबूनच ओटी भरावी. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्याची थुंकी आधी तपासून घ्यावी. क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. साडी, बांगड्या, लाडूंच्या डब्याबरोबर पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड आणि सगळ्या रिपोर्टची झेरॉक्स जायला हवी, आणि त्यांचा फोटो नवऱ्याच्या मोबाइलमध्ये. तिकडच्या आशाताईचा नंबर निघण्याआधीच घ्यावा. प्रसूती जिथे होणार, तिथे एक फोन करून विचारून ठेवावं: हिपॅटायटिस बीची जन्मावेळची लस रात्री आणि रविवारीही मिळते का? शनिवारी रात्री जन्मलेल्या बाळाला लस सोमवारी ओपीडी उघडल्यावर देऊ, असं उत्तर आलं, तर दुसरी सोय आठव्या महिन्यातच करावी.